तुर्क कोण काढणार

केरासा गावाचा इतिहास आम्ही बायकांनी एका हिवाळ्यात सुईने भरला. त्याआधी तो नव्हता असं नाही. पण जो तो आपला इतिहास आपल्या घरी ठेवायचा आणि पाहुणे आले की चांदीच्या चमच्यांबरोबर बाहेर काढायचा.

हुकूम अथेन्सहून सुटला होता. तेव्हा देश सत्ता बळकावलेल्या कर्नल लोकांच्या मुठीत होता, आणि तुर्कांविरुद्धच्या उठावाला दीडशे वर्षं पुरी होत होती. कर्नल लोकांना इतिहासाचं भारी वेड. आजच्याबद्दल कुणी तोंड उघडलं की त्याची रवानगी खडकाळ बेटावर व्हायची, त्यामुळे बोलायला मागचंच काय ते उरलं होतं. जिल्ह्याचा माणूस येऊन सांगून गेला की गावोगावच्या बायकांनी आपल्या गावाचा पराक्रम कापडावर भरायचा आहे. पंचवीस मार्चला, उठावाच्या दिवशी, ब्रिगेडियरसाहेब स्वतः पाहायला येणार होते.

आमच्या गावाचा पराक्रम म्हणजे कप्तान झिकास. त्याने म्हणे गिरणीपाशी तुर्कांची अख्खी तुकडी अडवली. माझा नवरा लाम्ब्रोस, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, वेगळं सांगायचा. कप्तान हरवलेलं खेचर शोधत गिरणीवर पोचला, तेव्हा तुर्क जेवून, ढेकर देऊन निघून गेले होते. पण हे तो तिसऱ्या ग्लासानंतर सांगायचा आणि आधी दार लावून घ्यायचा.

कप्तानाची पणती अगोरित्साबाई याच महिला मंडळाच्या अध्यक्ष. सरपंचाची बायको म्हटल्यावर दुसरं कोण होणार? त्यांच्या भुवया काळ्याभोर, जाड, मधोमध जुळलेल्या. आरशात बघूनसुद्धा त्यांचं समाधान व्हायचं नाही, दुसऱ्यांनाही बघायला लावायच्या. "ही भुवई बघा. ही कप्तानाची. रक्त लपत नाही बायांनो," असं म्हणायच्या, आणि आम्ही बघायचो. दुसरं करतो काय?

आणि मी सुल्ताना. चौकात माझी सिगारेटची टपरी होती. मी केरासाची सून होऊन दहा वर्षं झालेली, म्हणजे गावाच्या हिशेबाने पाहुणीच. माझं माहेर खालच्या दलदलीकाठच्या निर्वासितांच्या वस्तीतलं. माझी आजी, तिचंही नाव सुल्तानाच, कारण नातीला आजीचं नाव ठेवायचं हा सगळ्यांचाच रिवाज. चोवीस साली दोन्ही सरकारांनी माणसांची अदलाबदल केली, इकडचे मुसलमान तिकडे, तिकडचे ख्रिस्ती इकडे, तेव्हा अनातोलियातून आजी एक गाठोडं आणि दोन मुलं घेऊन निघाली. मुलं बंदराबाहेरच्या विलगीकरणातच गेली. गाठोडं पोचलं. माझी आई नंतरची, दलदलीतली.

आजीला ग्रीक यायचं नाही. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, पण घरात बोलायचे तुर्की. देवाशी बोलायचे तेही तुर्कीतच. अक्षरं मात्र ग्रीक. आजीची स्तोत्रांची पोथी लांबून बघितली तर अस्सल ग्रीक वाटायची, आणि वाचायला घेतली तर शब्दाला शब्द तुर्की. त्यामुळे तिकडे आम्ही काफर होतो आणि इकडे आलो ते तुर्काचं बी झालो. आई गेल्यावर आजीला मी वर गावात माझ्याकडे आणलं. ती देवळात सगळ्यांच्या मागे उभी राहायची आणि ओठ न हलवता प्रार्थना करायची, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

पटाची गोष्ट मीच आजीला सांगितली. अख्खं गाव कापडावर काढणार आहेत म्हणाले. ही माझी चूक. आजी खिडकीतून वळली आणि साधेपणाने विचारलं, "मला कुठे काढणार?"

म्हटलं, विचारते.

शाळेत कापड वाटायला सगळ्या जमलो तेव्हा विचारलं. अगोरित्साबाईंनी हुंड्याच्या पेटीतलं घरचं जाड लिनन काढलं होतं आणि ते तुकडे करून वाटत होत्या.

"अगोरित्साबाई, कोपऱ्यात वीतभर जागा द्या. माझ्या आजीला काढते."

"कुठल्या आजीला?"

"माझ्या. या गावात राहते ती."

"अगं, हा अठराशे एकवीसचा पट आहे. तुझी आजी आली परवा, आणि तीही तिकडून." मग त्यांना सुचलं, आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "आणि नाव काय म्हणे, सुल्ताना! सुल्तानाशी लढलो आम्ही, नि आमच्याच पटावर सुल्ताना काढू होय?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. टपरी चालवायची तर सगळ्यांबरोबर हसावं लागतं. पण घरी जाताना माझे कान तापले होते आणि आजीला मी सांगितलं की अजून तुझा तुकडा आलेला नाही. मग रोज संध्याकाळी दिवा लावला की तिचा एकच प्रश्न, "माझा तुकडा आला का?"

तुकडे प्रत्येकीने घरी नेले, आणि इथेच सगळं फसलं. जानेवारीत पाण्याच्या आशीर्वादाचा सण झाल्यावर सगळे तुकडे शाळेच्या बाकांवर एकाला एक लावून ठेवले. पाद्रीबाबा चष्मा पुसून वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

निशाण एकच असायला हवं होतं, पांढरं, त्यावर निळा क्रूस. पण प्रत्येकीने ते आपापल्या पणजोबाच्या हातात दिलं होतं. नऊ पणजोबा, नऊ निशाणं. जिल्ह्याच्या दुकानातला निळा दोरा का संपला ते आत्ता कळलं. मिशांचं तर विचारूच नका. एकीने शेजारणीच्या पणजोबाची मिशी कानापर्यंत गेलेली पाहून आपल्याची डोक्यामागे बांधली होती. वीरांचे कमरेचे पांढरे घेरदार झगे पांढऱ्या कापडावर भरल्यामुळे दिसतच नव्हते, सगळे वीर कमरेपासून खाली गायब. वरच्या कोपऱ्यात कर्नल लोकांचा लाडका पक्षी होता, ज्वाळांतून उठणारा. तो पाद्रीबाबांच्या बायकोने, पाद्रीणबाई गारूफालियांनी, भरला होता. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, त्यामुळे तो पक्षी म्हणजे चुलीवर ठेवलेली त्यांचीच लठ्ठ कोंबडी झाली होती.

"सुंदर," पाद्रीबाबा म्हणाले. "फार सुंदर. फक्त यांना खाली काहीतरी घाला. आणि तुर्क कुठाय?"

बायका एकमेकींच्या तुकड्यांत तुर्क शोधू लागल्या.

"हे लढताहेत कुणाशी?"

तुर्क कुणीच काढला नव्हता. जिचा पणजोबा नाही ती बाई गावात नव्हती, आणि जिने पणजोबा सोडून तुर्क काढावा अशीही नव्हती. तलवारी उगारून नऊच्या नऊ उजवीकडे धावत होते, आणि उजवीकडे कोरं कापड.

"एकाचं निशाण ठेवू, बाकीची उसवा," पाद्रीबाबा म्हणाले.

"बरोबर. कप्तानाचं ठेवा," अगोरित्साबाई म्हणाल्या.

"का म्हणून? निशाण आमच्या पणज्याने धरलं होतं," पाद्रीणबाई म्हणाल्या. "तुमचा कप्तान तेव्हा खेचर शोधत होता."

म्हणजे लाम्ब्रोस दार लावून जे सांगायचा ते सगळ्या गावाला माहीत होतं! आमच्याकडे माणूस संतापाने वेडापिसा झाला की म्हणतात, तो तुर्क झाला. अगोरित्साबाई तुर्क झाल्या. भुवया नाकावर उतरल्या, नाकपुड्या फुगल्या, खालचा ओठ पुढे आला. असा भव्य राग मी पुन्हा पाहिला नाही. मी जरा निरखूनच पाहिला.

शेवटी असं ठरलं की निशाणं नऊही राहतील, गावात भांडण नको. राहता राहिला तुर्क. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"सुल्ताना काढेल," अगोरित्साबाई म्हणाल्या. "तिच्या माणसांना चांगले माहीत आहेत ते. घरचंच काम."

मला झोंबलं. खोटं कशाला बोलू, फार झोंबलं. विलगीकरणात ठेवून आलेली दोन मुलं आजी अजून झोपेत हाका मारून बोलवायची, आणि इथे तुर्क आमच्या घरचा! पण मी कोरा तुकडा उचलला. इतरांच्या दुप्पट होता. नऊ जणांना पुरेल एवढा शत्रू नको का?

मी तो मन लावून भरला. आजीच्या गाठोड्यात मंजिष्ठेने रंगवलेलं रेशीम होतं, तिकडून आणलेलं, चाळीस-पन्नास वर्षांत न विटलेलं. घोडा तपकिरी, बंडीवर सोनेरी जर, पायात मोजे, डोक्यावर लाल फेज टोपी. फेज त्या काळी दोन्हीकडचे घालायचे, म्हणून तुर्क ओळखू यावा यासाठी मी चंद्रकोर काढणार होते. पाद्रीणबाई धावतच टपरीवर आल्या. "चंद्रकोर नको गं बाई! पट देवळात टांगायचाय. देवमातेसमोर चंद्रकोर? माझं तर डोकंच फिरेल." मग नाही काढली. राहिला चेहरा. तुर्क मी कधी पाहिला नव्हता, माझा जन्म इथला. संतापलेला म्हणजे तुर्क झालेला माणूस मात्र नुकताच पाहिला होता. त्या जुळलेल्या भुवया भरताना सुई कशी आपोआप चालत होती. वर एक मिशी ठेवून दिली.

आजीला आता नीट दिसत नव्हतं. ती बोटांनी टाके चाचपायची.

"हा कोण?"

"तुर्क."

"घोडा चांगला काढलास. पण याला एवढा राग कशाचा?" मग तिचं बोट कापडाच्या कडेपर्यंत गेलं आणि परत आलं. "आणि मी?"

"तुझा तुकडा यायचाय, आजी."

पंचवीस मार्चला गावभर खाऱ्या माशाच्या भज्यांचा आणि लसणाच्या चटणीचा वास सुटला होता. ब्रिगेडियरसाहेब काळा चष्मा लावून देवळात शिरले आणि तो चष्मा आतही काढला नाही. पट भिंतीवर टांगलेला होता. बायकांनी वीरांना खाली काळ्या दोऱ्याची किनार घातली होती, त्यामुळे निदान पाय दिसत होते. साहेबांनी आधी कोंबडीकडे पाहिलं. मग त्या नऊ जणांच्या गर्दीवरून नजर फिरली आणि घोड्यावर येऊन थांबली. अख्ख्या पटावर डोळ्यांना धरून ठेवेल असं तेवढंच होतं.

"वा!" साहेब म्हणाले. "काय तो रुबाब! एकटा! शत्रूसमोर एकटा!" मग त्यांनी चष्मा काढला, तुर्काकडे पाहिलं, मान वळवून अगोरित्साबाईंकडे पाहिलं, पुन्हा तुर्काकडे पाहिलं. "बाई, कप्तान झिकास तुमचे कोण?"

"पणजोबा, साहेब."

"सांगायलाच नको! त्याच भुवया! तेच नाक! रक्त लपत नाही."

अगोरित्साबाईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो तुर्क आहे म्हणावं, तर ब्रिगेडियरसाहेबांसमोर कबूल करायचं की आपण हुबेहूब तुर्कासारख्या दिसतो. कप्तान म्हणावं, तर खरा कप्तान पलीकडे निशाण घेऊन उभा. इकडे आड, तिकडे विहीर.

"हो," त्या म्हणाल्या. आवाज चिलटासारखा. "तोच कप्तान."

"आणि हे नऊ जण त्याच्यावर धावून येणारे?"

नऊपैकी एकेकाची पणती तिथे उभी. पाद्रीबाबा पुढे सरसावले. "ते त्याला सामील व्हायला धावताहेत, साहेब."

"तलवारी उगारून?"

"उत्साह, साहेब."

साहेबांना उत्साह पटला. कर्नल लोकांना उत्साह कायमच पटायचा. जाता जाता ते म्हणाले, "एकच उणीव आहे. वीराची आई कुठाय? आईशिवाय वीर नाही, आईशिवाय राष्ट्र नाही. ऑगस्टात देवमातेच्या सणाला मी पट न्यायला येईन, जिल्ह्याच्या सभागृहात लागेल. तोवर आई घाला."

त्या दिवशी संध्याकाळी गावातल्या सगळ्या बायका तुर्क झाल्या, शब्दशः. पणजोबा रीतसर शत्रूच्या बाजूला गेले होते ना. पण साहेबांचं वाक्य खोडणार कोण? बेटं तेव्हा भरलेली होती, तरी अजून जागा होती.

दुसऱ्या दिवशी अगोरित्साबाई टपरीवर आल्या. सिगारेट ओढत नाहीत, तरी एक पाकीट मागितलं.

"मुद्दाम केलंस तू."

"काय केलं? तुम्हीच म्हणालात, घरचं काम आहे."

"बरं, ते राहू दे. आता आई हवी. टाके जुळले पाहिजेत म्हणून तूच भर. देखणी भर."

"भरते. पण आई म्हणून माझी आजी असेल."

त्यांच्या भुवया हलल्या. मी घाईघाईने नाही, सावकाश काड्यापेट्या रचत राहिले.

"नाव घालायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाव नाही घालत. पायाशी एक ओळ घालते, आईने मुलाला निरोप देताना म्हटलेली."

"कसली ओळ?"

"ती आजीला विचारते. ती आई ना?"

"घाल बाई काय घालायचं ते. साहेबांना आवडलं म्हणजे झालं." पाकीट तिथेच विसरून त्या गेल्या. मी ते परत मांडून ठेवलं.

घरी गेले तेव्हा आजी खिडकीत होती. तिने विचारायच्या आतच मी म्हटलं, "तुझा तुकडा आला." तिने लगेच केस नीट केले, ओढणी सारखी केली आणि पाठ ताठ करून बसली, फोटोवाल्यासमोर बसतात तशी. उन्हाळाभर रोज बसली. मी भरायचे आणि रडायचे, ते तिला दिसत नव्हतं हे बरं. गाठोडंही काढलं हातात. पायाशी काय लिहू म्हणून विचारलं तर ती जराही थांबली नाही.

"बिझ दे वारिझ."

आम्हीही आहोत. एवढंच. मी ते ग्रीक अक्षरांत भरलं, तिच्या पोथीत असतं तसं, मंजिष्ठेच्या लाल रेशमाने. तिने बोटाने अक्षर न्‌ अक्षर चाचपून वाचलं आणि म्हणाली, "ठीक आहे." ओळीवर कापड दुमडून मी पट परस्पर पाद्रीबाबांकडे दिला.

ऑगस्टात सणाच्या दिवशी पट चौकात, मोठ्या चिनाराखाली लावला. आजीला मी खुर्ची आणून दिली, सगळ्यांच्या मागे, तिच्या नेहमीच्या जागी. शाळेची मुलं पांढरे घेरदार झगे घालून रांगेत उभी होती. ब्रिगेडियरसाहेब आले आणि पटासमोर पाय रोवून उभे राहिले. आई त्यांना आवडली. मग ते वाकले आणि खालची ओळ वाचू लागले, एकेक अक्षर, मोठ्याने.

"बिझ... दे... वारिझ." ते थांबले. "ही कुठली भाषा?"

माणसं याहून कमी कारणासाठी बेटावर गेली होती. अगोरित्साबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खालच्या वस्तीतून दूध घालायला येणाऱ्या बायकांचं बोलणं त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. त्यांना ती भाषा बरोबर कळली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आता बोलल्या तर मी संपले. पण मग त्यांचाही पणजोबा तुर्क ठरणार, त्याची आई तुर्की बोलणारी, आणि भुवया तर साऱ्या गावाला दाखवून झालेल्या.

"जुनी भाषा आहे साहेब," अगोरित्साबाई म्हणाल्या. "फार जुनी. आमच्या घरातली."

साहेबांनी हनुवटी वर केली. न कळलेलं कळलं असं दाखवायची त्यांना सवय असावी. "उघड आहे. प्राचीन डोरिक ग्रीक. मी लगेच ओळखलं. तीन हजार वर्षं जिभेवर जिवंत राहिली! अर्थ?"

"आम्हीही आहोत," मी मागून म्हटलं.

"आम्हीही आहोत!" साहेब गहिवरले. ते मुलांकडे वळले, मूठ उगारली आणि छाती फुगवून गरजले, "बिझ दे वारिझ!"

"बिझ दे वारिझ!" मुलं ओरडली.

"जोरात! सगळं गाव!"

पाद्रीबाबा ओरडले. सरपंच ओरडले. नऊ पणजोबांच्या पणत्या ओरडल्या, पाद्रीणबाई सगळ्यांत जोरात. अगोरित्साबाईसुद्धा ओरडल्या, माझ्याकडे न बघता. चिनारावरचे पक्षी उडाले. टाळ्या पडल्या, आणि मला एकाच वेळी हसू आणि रडू असं काही फुटलं की मी ओढणीत तोंड खुपसलं.

कुणीतरी माझी बाही ओढली. आजी होती. एवढ्या वर्षांत या चौकात तिने तिची भाषा पहिल्यांदाच मोठ्याने ऐकली होती. ती खुर्चीतून अर्धी उठली होती, तोंड त्या आरडाओरड्याकडे, आणि पहिल्यांदाच आवाज न दाबता मला विचारत होती:

"सुल्ताना, हे सगळे आपल्यातले कधी झाले गं?"